बारा नावांची यादी

१७११ साल सरून १७१२ उजाडत होते, तेव्हा इंग्लंडच्या अ‍ॅन राणीने एका दमात बारा नवे उमराव केले. फ्रान्सशी चाललेले लांबलचक युद्ध थांबवायचे, असे तिच्या टोरी मंत्र्यांनी ठरवले होते. कनिष्ठ सभागृह त्यांच्या बाजूने होते. उमरावांच्या सभागृहात मात्र व्हिग पक्षाचा वरचष्मा होता आणि स्पेनचा प्रश्न सुटल्याखेरीज तह नको, असा ठराव तिथे झाला होता. मतदारांकडे जाऊन हे बळ बदलण्याची सोय नव्हती, कारण त्या सभागृहाला मतदारच नव्हते. मग मंत्र्यांनी डोकी मोजली, किती कमी पडतात ते पाहिले आणि तेवढ्या माणसांना उमराव करून टाकले. त्यांत राणीच्या मर्जीतल्या अ‍ॅबिगेल मॅशम या सखीचा नवराही होता. हे बारा जण सभागृहात आले, तेव्हा व्हिग पक्षाच्या लॉर्ड व्हार्टनने त्यांना विचारले म्हणतात, की तुम्ही एकेकटे मत देणार की प्रमुखामार्फत? इंग्रजी ज्यूरीत बारा माणसे असत आणि त्यांचा निर्णय त्यांचा प्रमुख उठून सांगत असे, हे ध्यानात घेतले की टोमण्याची धार कळते.

तेव्हापासून हाऊस ऑफ लॉर्ड्सची घडण पुष्कळ बदलली. वंशपरंपरेची जागा तहहयात नेमणुकीने घेतली, स्त्रिया आल्या, अर्जांची छाननी करणारा आयोग आला. दोन गोष्टी मात्र तशाच राहिल्या. सभागृहात किती माणसे असावीत याला वरची मर्यादा नाही, आणि नेमणूक करणारा हात नावाला राजाचा व प्रत्यक्षात पंतप्रधानाचा आहे. लॉर्ड्सच्या समर्थकांचा भर असतो तिथल्या तज्ज्ञांवर, टीकाकारांचा भर असतो तिथल्या नालायकांवर. दोघेही माणसांविषयी बोलतात. मला वाटते, पाहायला हवी ती यादी: ती कोण करतो, किती लांबीची करतो, केव्हा करतो. नियुक्त सभागृहातले पक्षबळ म्हणजे एकामागून एक आलेल्या पंतप्रधानांच्या याद्यांचा साठलेला गाळ आहे, आणि नदी दुसरीकडे वळली तरी गाळ जागचा हलत नाही.

आकड्यांनीच बोलायचे तर २०१५ ची सार्वत्रिक निवडणूक घ्यावी. त्या निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट पक्षाची धूळधाण झाली; कनिष्ठ सभागृहात त्यांचे ५७ वरून ८ खासदार उरले. त्याच वेळी लॉर्ड्समध्ये त्यांचे सुमारे शंभर सदस्य बसलेले होते. युकिपला जवळपास ३९ लाख मते पडली, म्हणजे दर आठ मतदारांमागे एक. त्यांचा एक खासदार निवडून आला आणि लॉर्ड्समध्ये त्यांचे जे तीन जण होते ते दुसऱ्या पक्षांच्या बाकांवरून उठून आलेले होते. स्कॉटिश नॅशनल पार्टीने स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या. लॉर्ड्समध्ये त्यांचा एकही माणूस नव्हता. निवडणुकीनंतर चार महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, पंतप्रधान कॅमरन यांची नवी यादी आली. पंचेचाळीस नावे: हुजूर म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची २६, लिबरल डेमोक्रॅटांची ११, मजूर पक्षाची ८. ज्या पक्षाला मतदारांनी आठ खासदारांवर आणून ठेवले त्याला पंतप्रधानाने अकरा उमराव दिले. पाच वर्षे सत्तेत बरोबर बसलेल्या भागीदारांचा हा हिशेब होता आणि तो चुकता करण्यासाठी मतपेटीची गरज पडली नाही.

हे काही एका पंतप्रधानाचे पाप नाही. उलट टोकाचे उदाहरण १९४५ चे आहे. ॲटलींच्या मजूर पक्षाने ३९३ जागा जिंकून सरकार स्थापन केले तेव्हा लॉर्ड्सच्या शेकडो सदस्यांत मजूर पक्षाचे अवघे सोळा होते. राज्य चालायचे कसे? वाट निघाली ती समजुतीची. हुजूर पक्षाचे तिथले नेते, पुढे लॉर्ड सॅलिसबरी झालेले क्रॅनबोर्न, आणि मजूर पक्षाचे ॲडिसन यांच्यात ठरले की, जाहीरनाम्यात सांगितलेले विधेयक उमरावांनी अडवायचे नाही. ही सॅलिसबरी प्रथा आजही पाळली जाते आणि ब्रिटिश शहाणपणाचा नमुना म्हणून तिचे कौतुकही होते. तिचा अर्थ मात्र असाही आहे की, या सभागृहाचे पक्षबळ इतके अन्याय्य आहे की त्याचा पुरता वापर न करण्याच्या अटीवरच ते टिकू शकते.

तहहयात उमराव करण्याचा कायदा १९५८ चा, मॅकमिलन यांच्या काळातला. तोवर उमराव म्हणजे पिढीजात; बाप गेला की थोरला मुलगा. नव्या कायद्याने एका आयुष्यापुरता उमराव करता येऊ लागला आणि प्रथमच स्त्रियांना त्या सभागृहात बसता आले. त्या जुलैत चौदा नावांची पहिली यादी निघाली, तीत चार स्त्रिया होत्या. समाजशास्त्रज्ञ बार्बरा वूटन त्यांपैकी एक. लेडी ऱ्हाँडा मात्र नव्हत्या. बापाकडून उमरावपद मिळालेल्या या बाईंना १९२२ मध्ये स्त्री म्हणून सभागृहाचे दार बंद झाले होते, आणि पुढली पस्तीसएक वर्षे त्या त्यासाठी भांडत राहिल्या. पहिली यादी जाहीर होण्यापूर्वी चारच दिवस त्या वारल्या. इतिहासाच्या पुस्तकांत हा कायदा सुधारणा म्हणून येतो आणि तो सुधारणा होताच. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. वंशपरंपरा कितीही निरर्थक असली तरी ती पंतप्रधानाच्या हातात नसते. कोणाच्या पोटी कोण जन्मावे हे डाउनिंग स्ट्रीटमध्ये ठरत नाही. नव्या उमरावपदाचा बोजा पुढच्या पिढ्यांवर पडायचा, म्हणून आधीचे पंतप्रधान थोडे तरी जपून होते. आता ती भीड गेली. टोनी ब्लेअर यांनी दहा वर्षांत साडेतीनशेहून अधिक उमराव केले, कॅमरन यांनी सहा वर्षांत दोनशेहून अधिक. लिझ ट्रस जेमतेम सात आठवडे पंतप्रधान होत्या. निरोप घेताना त्यांनीही तीन माणसे आजन्म कायदेमंडळात पाठवली. बोरिस जॉन्सन यांच्या निरोपाच्या यादीत नुकतीच तिशी गाठलेली एक माजी सल्लागार होती. तब्येत बरी राहिली तर ती आणखी पन्नास वर्षे कायदे करत राहू शकते, म्हणजे दहा सार्वत्रिक निवडणुका पाहू शकते, त्यांतल्या एकीलाही उभी न राहता.

मर्यादा नसणे ही ढिलाई आहे असे समजण्याचे कारण नाही. ती राखलेली आहे. १७१९ मध्येच उमरावांची संख्या जवळजवळ गोठवणारे विधेयक आले होते. ते आणणाऱ्या मंत्र्यांचा हेतू फार सोज्वळ नव्हता. त्यांचे वैर पत्करलेला युवराज उद्या राजा झाला तर त्याने आपली माणसे भरू नयेत, एवढाच होता. रॉबर्ट वॉल्पोलने ते कनिष्ठ सभागृहात पाडले. त्याने गावोगावच्या जमीनदार खासदारांना आठवण करून दिली की, हे दार बंद झाले तर तुमच्या घराण्यातला कोणी कधीच आत जाणार नाही. युक्तिवाद अचूक बसला. दार उघडे ठेवण्यात ज्यांचा स्वार्थ आहे, त्यांनाच ते बंद करण्याविषयी मत विचारले जाते. १९११ मध्ये हेच हत्यार लोकशाहीच्या बाजूने उपसले गेले. लॉर्ड्सचा नकाराधिकार काढून घेणारा कायदा संमत होईना, तेव्हा पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी जवळपास अडीचशे संभाव्य उमरावांची यादी तयार ठेवली. तीत कादंबरीकार टॉमस हार्डी आणि तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचीही नावे होती. नुसत्या धाकाने काम झाले. १३१ विरुद्ध ११४ मतांनी उमरावांनी आपले पंख आपणच छाटून घेतले आणि अडीचशे लोक उमराव व्हायचे राहिले. पुरोगामी मंडळींना या प्रसंगाचा अभिमान वाटतो, आणि तो वाटावाही. पण त्यामुळेच अमर्याद संख्येकडे अडीअडचणीचे शस्त्र म्हणून पाहण्याची सवय दोन्ही बाजूंना लागली. लोकांच्या सरकारला अडवणारे सभागृह वठणीवर आणण्यासाठी राखून ठेवलेले शस्त्र पुढे देणगीदार, सल्लागार आणि पडलेले खासदार यांची सोय लावण्यासाठी रोज वापरात आले.

पैशाचा विषय इथे टाळता येत नाही. लॉइड जॉर्ज यांच्या काळात उमरावपदांना अक्षरशः भाव फुटला होता. १९२२ मध्ये त्याचा बोभाटा झाला आणि १९२५ मध्ये मानपदांची विक्री हा गुन्हा ठरवणारा कायदा आला. त्या कायद्याखाली आजवर शिक्षा झाली ती एकाच माणसाला, माँडी ग्रेगरी नावाच्या दलालाला, तीही १९३३ मध्ये. म्हणजे रोग तरी बरा झाला किंवा कायदा तरी निरुपयोगी आहे. १९७६ मध्ये हॅरल्ड विल्सन यांच्या निरोपाच्या यादीत जोसेफ केगन हे कारखानदार उमराव झाले. चार वर्षांनी त्यांना आर्थिक गुन्ह्यांसाठी तुरुंगवास झाला. त्यांची सर ही पदवी काढून घेतली गेली. उमरावपद काढून घेण्याची तरतूद नव्हती, ते राहिले.

ब्लेअर यांच्या काळातले प्रकरण मुंबईकरांना थोडे जवळचे वाटेल, कारण त्यात गुलाम नून यांचे नाव आले. मुंबईत मिठाईचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबात ते जन्मले, इंग्लंडात गेले आणि तयार भारतीय जेवण तिथल्या मोठमोठ्या दुकानांना पुरवून त्यांनी मोठा उद्योग उभा केला. २००५ च्या निवडणुकीपूर्वी त्यांनी मजूर पक्षाला अडीच लाख पौंडांचे कर्ज दिले होते. देणगी जाहीर करावी लागे, व्यापारी दराने दिलेले कर्ज जाहीर करावे लागत नसे. ही फट पक्षाला ठाऊक होती. अशी कर्जे देणाऱ्या काही जणांची नावे उमरावपदासाठी पुढे आल्यावर २००६ मध्ये गदारोळ झाला. पोलिसांनी तपास केला, पंतप्रधानपदावर असलेल्या ब्लेअर यांचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला गेला, आणि जुलै २००७ मध्ये कोणावरही खटला भरायचा नाही असे ठरले. नून यांचे नाव तेव्हा मागे घेतले गेले. २०११ मध्ये ते मजूर पक्षाचे उमराव म्हणून सभागृहात बसलेच. नून यांचे दानधर्माचे काम मोठे होते आणि उमराव म्हणून ते कोणापेक्षा कमी नव्हते. पण म्हणूनच हे उदाहरण बोलके आहे. चांगला माणूसही त्या दारातून जाताना देणगीदार दिसतो, कारण दारावर दुसरी कसलीच कसोटी लिहिलेली नाही.

कसोटी लावण्यासाठी २००० साली नियुक्ती आयोग नेमला गेला. सामान्यांना वाटते की हा आयोग लॉर्ड्सचे सदस्य निवडतो. तसे नाही. पक्षांनी दिलेल्या नावांबाबत तो फक्त चारित्र्याची तपासणी करतो. माणूस कायदे करायला लायक आहे का, हे त्याने पाहायचे नसते. थोड्याशा अपक्ष सदस्यांची निवड त्याच्याकडे आहे, पण त्या जागा किती, हेही पंतप्रधानच सांगतो. आयोगाने २००१ मध्ये लोकांकडून अर्ज मागवले, तीन हजारांहून अधिक आले, आणि निवडलेले पंधरा जण पाहून वर्तमानपत्रांनी टिंगल केली, कारण त्यांतले बहुतेक आधीच सर, प्राध्यापक आणि मोठ्या संस्थांचे प्रमुख होते. तिथे एखादी केशकर्तन करणारी का नाही, या प्रश्नावर आयोगाच्या अध्यक्षांचे उत्तर असे होते की, निवडलेल्या माणसाला त्या सभागृहात वावरताना अवघडल्यासारखे होता कामा नये. उत्तर प्रामाणिक होते. आयोगाला कायद्याचा आधार नाही, तो केवळ सल्ला देतो. पहिली वीस वर्षे पंतप्रधानांनी तो मानला. डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने पीटर क्रडस या हुजूर पक्षाच्या माजी खजिनदारांच्या नावाला पाठिंबा दिला नाही आणि जॉन्सन यांनी तो सल्ला बाजूला सारून त्यांना उमराव केले. फेब्रुवारीत क्रडस यांचा सभागृहात प्रवेश झाला. त्याच आठवड्यात त्यांनी पक्षाला पाच लाख पौंड दिले. यात बेकायदा काही नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

वंशपरंपरेचे उरलेसुरले अवशेष तर विनोदाच्या हद्दीत जातात. १९९९ मध्ये ब्लेअर सरकारने पिढीजात उमरावांना बाहेर काढले. तेराशेहून अधिक सदस्यांचे सभागृह जवळपास निम्म्यावर आले. तडजोड म्हणून ९२ पिढीजात उमराव तात्पुरते ठेवले, आणि त्यांतला कोणी गेला की पोटनिवडणूक घ्यायची ठरले. नियम असा की बहुतेक जागा पक्षवार वाटलेल्या, आणि मतदार त्या पक्षाचे उरलेले पिढीजात उमराव. लिबरल डेमोक्रॅटांचे पिढीजात उमराव किती? एक जागा रिकामी झाल्यावर तीन. एप्रिल २०१६ मध्ये झालेल्या अशा पोटनिवडणुकीत मतदार तीन आणि उमेदवार सात होते. तिन्ही मते व्हायकाउंट थर्सो यांना पडली. या गृहस्थांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. १९९९ पर्यंत ते वडिलांकडून आलेल्या पदावर लॉर्ड्समध्ये होते. तिथून बाहेर पडावे लागल्यावर २००१ मध्ये ते स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या मतदारसंघातून रीतसर निवडून येऊन खासदार झाले आणि चौदा वर्षे राहिले. २०१५ मध्ये मतदारांनी त्यांना पाडून स्कॉटिश नॅशनल पार्टीचा उमेदवार निवडला. वर्षभरात तीन मतांच्या जोरावर ते पुन्हा कायदेमंडळात आले. हजारो मतदारांनी पाडलेला माणूस तिघांनी परत आणला. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार्मर सरकारने उरलेल्या पिढीजात उमरावांना काढणारे विधेयक मांडले. त्यात चूक काही नाही, पण हे जसजसे जातात तसतसा पंतप्रधानाच्या यादीबाहेरून येणारा माणूस आणखी दुर्मीळ होतो, हेही लक्षात ठेवावे. त्याच डिसेंबरात आलेल्या यादीत मजूर पक्षाची तीस नावे होती, हुजूर पक्षाची सहा आणि लिबरल डेमोक्रॅटांची दोन. जुलैच्या निवडणुकीत चौदा टक्के मते मिळवणाऱ्या रिफॉर्म पक्षाचे त्यात नाव नव्हते. त्या पक्षाचे राजकारण मला मुळीच मानवत नाही. पण कोणाचे राजकारण मानवते यावरून वरिष्ठ सभागृहाच्या जागा वाटायच्या असतील, तर निवडणुकीचा खटाटोप कशाला?

समर्थकांची बाजू दुबळी नाही. लॉर्ड्समध्ये कुठल्याही पक्षाला बहुमत नसते, आणि क्रॉसबेंचर म्हणवले जाणारे सुमारे दीडपावणेदोनशे अपक्ष सदस्य तिथे बसतात: निवृत्त न्यायाधीश, डॉक्टर, सेनाधिकारी, विद्यापीठांचे लोक. विधेयकांतली कलमे वाचायची, शब्दांतल्या चुका काढायच्या, मंत्र्याला दोनदा विचार करायला लावायचे, हे काम ते खासदारांपेक्षा बारकाईने करतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये गरीब कामकरी कुटुंबांच्या करसवलतींना कात्री लावणारे नियम लॉर्ड्सनी रोखले आणि अर्थमंत्री ऑस्बर्न यांना महिन्याभरात माघार घ्यावी लागली. त्या कुटुंबांच्या हातात निवडून न आलेल्यांमुळे पैसे राहिले. हे मान्य करूनही प्रश्न उरतो. तो पराभव शक्य झाला तो मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट उमरावांच्या संख्येमुळे, म्हणजे ब्लेअर यांच्या आणि आघाडी सरकारच्या जुन्या याद्यांमुळे. चिडलेल्या सरकारने लॉर्ड स्ट्रॅथक्लाइड यांच्याकडून सभागृहाच्या अधिकारांचा फेरविचार लगोलग करून घेतला. पंतप्रधानाच्या हाती अमर्याद यादी असताना सभागृहाचे स्वातंत्र्य त्याच्या संयमावर अवलंबून असते, आणि संयम ही काही घटनात्मक तरतूद नाही.

सुधारणेच्या सूचना कमी झाल्या नाहीत. कायद्याने स्थापन झालेल्या, खरोखर स्वतंत्र आयोगाकडे सगळ्या नेमणुका द्याव्यात, असे वेकहॅम आयोगाने २००० सालीच सुचवले होते. २०१२ मध्ये निक क्लेग यांनी आणलेल्या विधेयकात ऐंशी टक्के सदस्य निवडून यायचे होते. दुसऱ्या वाचनाला प्रचंड बहुमत मिळाले, पण हुजूर पक्षाचे ९१ खासदार फुटले, मजूर पक्ष वेळापत्रकाला मत देईना आणि विधेयक बासनात गेले. मला सर्वांत विचारपूर्वक वाटते ती लॉर्ड बर्न्स समितीची २०१७ ची योजना, कारण तिला नवा कायदाही लागत नव्हता. सभागृह सहाशेचे, नवी नेमणूक पंधरा वर्षांची, सहाशेपर्यंत येईस्तोवर दोन गेल्यावर एक, नव्या जागांचे वाटप शेवटच्या निवडणुकीतल्या मतांचा आणि जागांचा मेळ घालून, आणि एक पंचमांश जागा क्रॉसबेंचरांना. म्हणजे निवडणूक न घेताही यादीची लांबी आणि तिच्यातला पक्षांचा वाटा दोन्ही पंतप्रधानाच्या हातून सुटले असते. सभागृहाने योजनेचे स्वागत केले, थेरेसा मे यांनी नेमणुका आवरत्या घेतल्या. जॉन्सन यांनी ते बंधन मानले नाही.

यादीत शिरायचेच नाही, हा मार्ग स्कॉटिश नॅशनल पार्टीने घेतला आहे. त्या पक्षाने कधी नावे दिली नाहीत. वेल्सच्या प्लाइड कम्री पक्षानेही आधी तेच केले, पण वेल्सविषयीचे कायदे त्या सभागृहातून जातात तर तिथे आपले कोणी तरी हवे, असे ठरवून पुढे भूमिका बदलली. २०११ मध्ये डॅफिड विग्ली आत गेले. दोन्ही भूमिकांची किंमत मोजावी लागते. स्कॉटिश पक्षाचे हात स्वच्छ राहिले आणि बाक रिकामे. वेल्श पक्षाला आवाज मिळाला आणि ज्या व्यवस्थेला तो नाकारतो तिच्या पंतप्रधानाकडे जागांसाठी पत्रे लिहिण्याची पाळी आली.

पक्षच काढून टाकले तर? हा प्रयोग कॅनडात झाला. तिथल्या सिनेटच्या १०५ जागा ठरलेल्या आहेत, निवृत्तीचे वय ७५ आहे. मर्यादा आहे म्हणावे तर राज्यघटनेच्या २६ व्या कलमात चार किंवा आठ जादा सिनेटर नेमण्याची पळवाट आहे, आणि १९९० मध्ये पंतप्रधान मल्रोनी यांनी विक्रीकराचा नवा कायदा संमत करून घेण्यासाठी आठ नेमलेच. अ‍ॅन राणीच्या बारांची ही कॅनडियन आवृत्ती. जानेवारी २०१४ मध्ये जस्टिन ट्रूडो यांनी आपल्या पक्षाच्या ३२ सिनेटरांना संसदीय पक्षातून काढले. पंतप्रधान झाल्यावर २०१६ पासून सल्लागार मंडळामार्फत अपक्षांच्या नेमणुका सुरू केल्या. आज तिथे बहुसंख्य सिनेटर अपक्ष गटांत बसतात, आणि कायद्यांत दुरुस्त्या सुचवण्याचे प्रमाण वाढले. पण ते मंडळ कायद्याने झालेले नाही. उद्याच्या पंतप्रधानाला ते गुंडाळून ठेवायला कोणाची परवानगी लागणार नाही. पक्षाचे नाव पुसले, पेन त्याच हातात राहिले.

हे वाचताना मराठी वाचकाला आपल्या विधान परिषदेची आठवण येणे साहजिक आहे. ७८ जणांची ही परिषद बहुतांशी अप्रत्यक्ष का होईना निवडून येते. नियुक्त जागा बाराच. वाङ्मय, शास्त्र, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतले ज्ञान किंवा अनुभव हवा, असे १७१ वे कलम सांगते. ब्रिटनमध्ये नसलेल्या दोन्ही गोष्टी, संख्येची मर्यादा आणि कसोटी, आपल्या घटनाकारांनी लिहून ठेवल्या. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर याच वाटेने परिषदेत गेले होते. पण सहकार आणि समाजसेवा हे शब्द इतके ऐसपैस आहेत की महाराष्ट्रातला कोणता पुढारी त्यांत मावणार नाही, हे सांगणे कठीण.

आपल्याकडे घसरण झाली ती तिसऱ्याच जागी. नोव्हेंबर २०२० मध्ये महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने बारा नावे राज्यपालांकडे पाठवली. राज्यपालांनी ती मान्य केली नाहीत आणि नाकारलीही नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, निर्णय वाजवी मुदतीत व्हायला हवा आणि आठ महिने ही मुदत पुरेशी होती. राज्यपालांना आदेश मात्र देता येत नव्हता. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि नव्या सरकारने जुनी यादी परत घेतली. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सात नव्या नियुक्त सदस्यांचा शपथविधी झाला आणि त्याच दिवशी निवडणूक आयोगाने विधानसभेची निवडणूक जाहीर केली. सात जागांची वाटणी भाजप तीन, शिवसेना दोन, राष्ट्रवादी काँग्रेस दोन अशी होती. वाङ्मय किती, शास्त्र किती, कला किती, असा हिशेब त्या दिवशी कोणी मांडल्याचे वाचनात आले नाही. लंडनमध्ये यादीची लांबी मोकळी आहे. मुंबईत लांबी बांधलेली आणि तारीख मोकळी. आघाडीच्या यादीतही पक्षांच्या वाट्याने नावे होती, हे सांगितले पाहिजे, नाहीतर तक्रार एकाच बाजूची होईल.

आणखी एक बारकावा पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात आहे. निवडून आलेल्या अपक्षाने कोणत्याही पक्षात प्रवेश केला की त्याचे सदस्यत्व जाते. मतदारांनी त्याला अपक्ष म्हणून निवडले, हे त्यामागचे तत्त्व. नियुक्त सदस्याला मात्र शपथ घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत हव्या त्या पक्षात जाण्याची मुभा आहे. साहित्यिक, शास्त्रज्ञ, कलावंत म्हणून ज्याला आणले त्याने कोणत्या बाकावर बसायचे ते ठरवावे, यासाठी कायद्याने दिलेली ही मुदत आहे.